०.३५च्या अलीकडे-पलीकडे : सुप्त क्षयाच्या रक्तचाचणीतले संदिग्ध निकाल

संधिवातावरचे जैविक औषध सुरू करायचे आहे, डायलिसिसवरच्या रुग्णाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण ठरते आहे, घरात एकाला क्षय निघाल्यामुळे बाकीच्यांची तपासणी करायची आहे, किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबाची ग्रीन कार्डासाठी वैद्यकीय तपासणी आहे. या सगळ्या वाटांवर हल्ली रक्ताची एकच चाचणी भेटते. लॅबवाले तिला ‘टीबी गोल्ड’ म्हणतात, डॉक्टर ‘इग्रा’. अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ असे ठसठशीत लिहून आले तर निदान पुढचे पाऊल तरी ठरवता येते. पण कधी तिथे ‘इंडिटरमिनेट’ असा शब्द येतो. कधी शब्द ठाम असतो, पण शेजारचा आकडा सीमारेषेला चिकटलेला असतो. कधी रक्त एक सांगते आणि हातावरची मांटू चाचणी दुसरेच. कधी तीन महिन्यांनी केलेली तीच चाचणी आधीच्या निकालाला खोटे पाडते.

रुग्णाचा प्रश्न मात्र साधा असतो : “म्हणजे मला टीबी आहे की नाही?”

नेमका हाच प्रश्न ही चाचणी सोडवत नाही. ती रक्तात जंतू शोधत नाही. जंतूची ओळख शरीराने लक्षात ठेवली आहे का, एवढेच पाहते. त्या आठवणीचा माग घेताना होणारे घोळ निरनिराळ्या प्रकारचे असतात. चाचणीच नीट न चालणे, आकडा काठावर असणे, दोन चाचण्यांत मेळ नसणे आणि निकाल स्पष्ट असूनही तो त्या माणसाला न पटण्याजोगा असणे हे चार वेगळे पेच आहेत. प्रत्येकाचे कारण वेगळे, तोडगाही वेगळा. एकाचा तोडगा दुसऱ्याला लावला तर एखादा निरोगी माणूस महिनोन्‌महिने गोळ्या खात बसतो, आणि जिला औषधाची खरी गरज आहे अशी व्यक्ती तशीच सुटते.

गुरांच्या गोठ्यातून माणसांच्या लॅबमध्ये

रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये ट्युबरक्युलिन हे क्षयावरचे औषध म्हणून पुढे आणले. औषध म्हणून ते फसले, पण चाचणीसाठी टिकले. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी त्वचेवरच्या प्रतिक्रियेचा अभ्यास करून, आजाराचे चिन्ह नसलेल्या मुलांतही ती उमटते हे दाखवले आणि ‘सुप्त क्षय’ ही कल्पना रूढ केली. फ्रान्सच्या शार्ल मांटू यांनी ट्युबरक्युलिन त्वचेच्या आत टोचण्याची पद्धत आणली. टोचल्यावर ४८ ते ७२ तासांनी गाठीचा कडकपणा मिलिमीटरमध्ये मोजण्याची रीत आजही चालू आहे.

मांटूची अडचण म्हणजे ट्युबरक्युलिनमध्ये अनेक प्रथिनांची सरमिसळ असते. त्यांतली बरीच बीसीजी लसीतल्या जंतूत आणि माती-पाण्यात राहणाऱ्या, क्षयाशी संबंध नसलेल्या मायकोबॅक्टेरियांतही सापडतात. त्यामुळे लस घेतलेल्याचा हातही सुजू शकतो. बीसीजीचा जंतू प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवताना त्याच्या जनुकसंचातला एक तुकडा गळून पडला होता. ‘आरडी-१’ नावाच्या या तुकड्यात ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही दोन प्रथिने बनवण्याची माहिती असते. क्षयाच्या जंतूकडे ती आहेत, बीसीजीकडे नाहीत. चाचणीसाठी तीच वापरली तर लसीचा गोंधळ टळतो. मायकोबॅक्टेरियम कॅन्ससाय, मरिनम आणि झुल्गाय या दूरच्या भावंडांकडे मात्र ती असतात. तेवढी फट उरतेच.

रक्तातून ही आठवण मोजायची युक्ती आधी गुरांसाठी निघाली. गुरांमधला क्षय हटवण्याची मोठी मोहीम ऑस्ट्रेलियाने चालवली आणि १९९७ मध्ये देश त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर केले. तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस गाईचे रक्त ट्युबरक्युलिनसोबत उबवून त्यातले इंटरफेरॉन-गॅमा (ओळखीच्या जंतूला उत्तर देताना पेशी सोडतात ते द्रव्य) मोजण्याची पद्धत बसवली. माणसांसाठीची ‘क्वांटिफेरॉन’ त्याच वंशातली. २००१ मध्ये तिच्या पहिल्या रूपाला अमेरिकेत परवानगी मिळाली. पुढे ट्युबरक्युलिन जाऊन तिथे ती दोन प्रथिने आली. दुसऱ्या वाटेने ऑक्सफर्डमध्ये अजित लालवाणी आणि सहकाऱ्यांनी इंटरफेरॉन सोडणाऱ्या पेशीच मोजणारी पद्धत विकसित केली. तिचे बाजारातले नाव ‘टी-स्पॉट’.

चार नळ्या, एक वजाबाकी

सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्वांटिफेरॉन-प्लसमध्ये चार छोट्या नळ्यांत प्रत्येकी सुमारे एक मिलिलिटर रक्त घेतात. करड्या झाकणाच्या ‘निल’ नळीत काहीच घातलेले नसते. रक्तात मुळातच किती इंटरफेरॉन आहे ते ती सांगते. हिरव्या आणि पिवळ्या झाकणांच्या टीबी-१ आणि टीबी-२ नळ्यांत जंतूच्या प्रथिनांचे तुकडे असतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत मायटोजेन असते, म्हणजे क्षयाशी संबंध नसलेले, पण लिम्फपेशींना हमखास चाळवणारे द्रव्य. सभा सुरू होण्याआधी माईकवर ‘हॅलो, हॅलो’ म्हणून पाहतात, तसे तिचे काम : यंत्रणा चालू आहे का, हे आधी कळले पाहिजे.

नळ्या ३७ अंशांवर १६ ते २४ तास उबवल्यावर प्रत्येकीतले इंटरफेरॉन-गॅमा मोजले जाते. मोजमाप आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटरमध्ये. पुढे त्याला नुसते ‘एकक’ म्हणू. टीबी-१ किंवा टीबी-२ मधून निल वजा करून उरलेला आकडा ०.३५ किंवा जास्त असेल आणि तो निलच्या किमान २५ टक्के असेल, तर निकाल पॉझिटिव्ह. तसे नसेल आणि मायटोजेनमधून निल वजा करून किमान ०.५ उरत असेल, तर निगेटिव्ह. तेवढेही उरले नाही, तर इंडिटरमिनेट. निलच ८ च्या वर गेले तर बाकीचे आकडे काहीही असोत, निकाल इंडिटरमिनेट.

नियम रुक्ष वाटतो, पण कागदावरचा अर्थ त्यातूनच उलगडतो. नमुन्यादाखल काही आकडे घेऊ. पहिल्या अहवालात निल ०.०६, टीबी-१ ०.०९, टीबी-२ ०.०८ आणि मायटोजेन ०.३१ आहे. क्षयाच्या नळ्या गप्प आहेत, पण खात्रीची नळीही गप्पच आहे, म्हणून निकाल इंडिटरमिनेट. दुसऱ्यात मायटोजेन तितकेच कमी आहे, पण टीबी-१ ६.८ आहे. हा पॉझिटिव्ह : पेशींनी क्षयाच्या प्रथिनांना ठणठणीत उत्तर दिले आहे, मग खात्रीच्या नळीचा कमीपणा आड येत नाही. तिसऱ्यात निल २.० आणि टीबी-१ २.४ आहे, टीबी-२ त्याहून कमी. वजाबाकी ०.४, म्हणजे ०.३५ च्या वर, तरी २.० चे २५ टक्के ०.५ होतात, म्हणून मायटोजेन पुरेसे असेल तर हा निगेटिव्ह. आणि चौथ्यात निल ०.०५, टीबी-१ ०.४३, टीबी-२ ०.३३, मायटोजेन १० च्या वर. कागदावर पॉझिटिव्ह, पण तो एका नळीच्या जोरावर आणि अवघ्या ०.०३ च्या फरकाने.

दुसरा आणि चौथा अहवाल कागदावर एकाच शब्दाने उतरतात. लॅबने फक्त तो शब्द छापला आणि आकडे गाळले तर त्यांतला फरक डॉक्टरला कधीच कळणार नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१० च्या मार्गदर्शक सूचनांतच शब्दाबरोबर आकडेही द्यायला लॅबना सांगितले होते.

चाचणी चाललीच नाही तेव्हा

इंडिटरमिनेटचा अर्थ ‘थोडासा पॉझिटिव्ह’ नाही आणि ‘जवळजवळ निगेटिव्ह’ही नाही. त्या दिवशी त्या रक्ताने उत्तर दिले नाही, इतकाच त्याचा अर्थ.

मायटोजेन कमी पडण्याची कारणे दोन गटांत मोडतात. एक गट माणसातला. एचआयव्हीमुळे घसरलेल्या सीडी-४ पेशी, स्टिरॉइडचे जास्त डोस, प्रत्यारोपणानंतरची औषधे, केमोथेरपी, गंभीर आजारपण किंवा अगदी लहान वय असेल तर लिम्फपेशी संख्येने तरी कमी असतात किंवा मरगळलेल्या तरी. कोविडच्या साथीत रुग्णालयात दाखल झालेल्या गंभीर रुग्णांत अशा निकालांचे प्रमाण चांगलेच वाढलेले अनेक देशांतल्या डॉक्टरांना दिसले. दुसरा गट नळ्यांच्या प्रवासातला. रक्त काढल्यावर १६ तासांच्या आत नळ्या उबवणीला लागायला हव्यात. रक्त तालुक्याला काढले आणि इन्क्युबेटर जिल्ह्याच्या शहरात असेल तर ही मुदत उन्हातान्हात, एसटीच्या पार्सलमध्ये किंवा रविवारच्या सुट्टीत संपून जाऊ शकते. नळीच्या आतल्या भिंतीवर द्रव्यांचा थर वाळवलेला असतो. नळी नीट हलवली नाही तर तो रक्तात मिसळत नाही. निल वर जाण्याची कारणे वेगळी : चालू असलेला दुसरा संसर्ग, शरीरातला दाह, किंवा मोजणीच्या रसायनांना अडकणारी काही प्रतिपिंडे.

म्हणून पहिला उपाय साधा आहे. ताजे रक्त घेऊन चाचणी पुन्हा करायची आणि लॅबला वेळ, तापमान आणि हाताळणी विचारायची. नुकताच ताप-सर्दीचा आजार होऊन गेला असेल तर काही आठवडे थांबूनही ती करता येते. बऱ्याच जणांत दुसऱ्या खेपेला स्पष्ट निकाल मिळतो. दुसरी खेपही फसली तर तिसरी, चौथी करत राहण्यात फारसा अर्थ नसतो. तेव्हा दुसऱ्या पद्धतीकडे वळतात. टी-स्पॉटमध्ये लिम्फपेशी वेगळ्या करून प्रत्येक खाचेत ठरावीक संख्येने, सुमारे अडीच लाख, घालतात. त्यामुळे रक्तात पेशी कमी असल्या तरी निकाल मिळण्याची शक्यता वाढते. मांटूही उपयोगी पडते.

इथे एक धोका दबा धरून असतो. खोकला, रोजचा ताप, घटलेले वजन किंवा वाढलेल्या गाठी असलेल्या रुग्णाचा निकाल इंडिटरमिनेट आला तर तो सुप्त संसर्गाचा प्रश्न राहतच नाही. शरीरभर पसरलेला क्षय स्वतःच प्रतिकारशक्तीला इतका थकवतो की मायटोजेनची नळीही गप्प बसते. अशा वेळी पुन्हा टीबी गोल्ड मागवण्याऐवजी छातीचा एक्स-रे, बेडक्याची जनुकीय तपासणी, गाठीतला नमुना या मार्गाने प्रत्यक्ष आजार शोधायला लागायचे असते.

काठावरचे आकडे

०.३४ आणि ०.३६ यांत जीवशास्त्रीय फरक काहीच नाही; अहवालावर मात्र एकाला सुटका मिळते आणि दुसऱ्याला औषध. सीमारेषा कुठेतरी ओढावी लागते. सुप्त संसर्ग आहेच, असे ठामपणे सांगणारी निर्णायक कसोटी नसल्यामुळे ही रेषाही आडमार्गाने ठरली : प्रत्यक्ष क्षय झालेले रुग्ण एका बाजूला आणि संसर्गाची शक्यता फार कमी असलेले लोक दुसऱ्या बाजूला ठेवून. मधल्यांसाठी ती कितपत लागू पडते, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे.

त्यावर मध्ये एक पट्टा आखण्याचा मार्ग काहींनी घेतला. जपानमध्ये क्वांटिफेरॉनचे ०.१ ते ०.३५ मधले आकडे बराच काळ वेगळ्या, ‘निर्णय राखून’ ठेवलेल्या गटात धरले जात. संशोधकांनी ०.२ ते ०.७ हा अनिश्चिततेचा पट्टा सुचवला आहे. काही जण तो १ पर्यंत नेतात. टी-स्पॉटच्या अमेरिकेतल्या नियमांत असा पट्टा आधीपासूनच आहे : ८ किंवा जास्त ठिपके (इंटरफेरॉन सोडणाऱ्या एका पेशीचा एक ठिपका) म्हणजे पॉझिटिव्ह, ४ किंवा कमी म्हणजे निगेटिव्ह, आणि ५ ते ७ म्हणजे सीमेवरचा. युरोपात हीच चाचणी ६ पासून पॉझिटिव्ह धरतात. तेच रक्त आणि तेच सहा ठिपके, पण अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवर दोन निकाल.

अमेरिकेत दर वर्षी तपासल्या जाणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी या पट्ट्याची खरी परीक्षा घेतली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चार ठिकाणच्या सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांची दर सहा महिन्यांनी चाचणी केली. मांटूत नव्याने पॉझिटिव्ह झालेले एक टक्क्याच्या आसपास होते. क्वांटिफेरॉनमध्ये सुमारे सहा टक्के, टी-स्पॉटमध्ये आठ. इतक्या लोकांना खरोखर संसर्ग झाला असता तर त्या रुग्णालयांत साथच म्हणावी लागली असती. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा रक्तात ‘नव्याने पॉझिटिव्ह’ झालेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक पुन्हा निगेटिव्ह निघाले. सीडीसीने २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांची सरसकट वार्षिक चाचणी बंद करण्याची शिफारस केली.

हेलकाव्याची कारणे शोधताना नळीच्या हाताळणीचा वाटा बराच निघाला. एकाच माणसाचे रक्त ०.८ मिलिलिटर घेतले तर आकडा जास्त आणि १.२ घेतले तर कमी येतो, आणि दोन्ही मापे कंपनीने आखून दिलेल्या मर्यादेतच बसतात. नळी जोरजोराने हलवली तर आकडा चढतो. उबवणीला लावायला उशीर झाला तर उतरतो. शिवाय शरीराची प्रतिक्रिया स्वतःही दिवसागणिक थोडी खालीवर होत असते.

मग काठावरचे सगळे आकडे फेकून द्यायचे का? दक्षिण आफ्रिकेतल्या लसचाचणीत भाग घेतलेल्या बाळांच्या माहितीतून २०१७ मध्ये याचे एक बोलके उत्तर मिळाले. ज्या बाळांचा निकाल निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह झाला आणि आकडा ४ च्या वर गेला, त्यांच्यात पुढे प्रत्यक्ष क्षयाचे प्रमाण निगेटिव्ह राहिलेल्यांच्या कितीतरी पट होते. ०.३५ ते ४ मध्ये अडकलेल्यांत आणि निगेटिव्ह राहिलेल्यांत तसा ठळक फरक दिसला नाही. बाळांवरचे हे निष्कर्ष प्रौढांना जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण ०.४ आणि ७ यांना एकाच मापाने तोलू नये, एवढे त्यातून पक्के होते.

सेवाग्रामचा धडा

रक्त आणि कातडी एकमेकांशी भांडतात तेव्हा काय करायचे, याचा एक महत्त्वाचा अभ्यास महाराष्ट्रातलाच आहे. वर्ध्याजवळच्या सेवाग्राममधील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत मधुकर पै, एस. पी. कलंत्री आणि सहकाऱ्यांनी ७२६ आरोग्य कर्मचारी आणि विद्यार्थ्यांची दोन्ही चाचण्यांनी तपासणी केली. निष्कर्ष २००५ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आले. मांटूत ४१ टक्के पॉझिटिव्ह, रक्तात ४० टक्के. वरवर पाहता दोघी बहिणी एका विचाराच्या. पण दोन्हींत पॉझिटिव्ह असलेले ३१ टक्केच होते आणि किमान एकीत पॉझिटिव्ह असलेले निम्मे. म्हणजे जवळपास पाचातल्या एका माणसाबद्दल दोन चाचण्यांचे पटत नव्हते.

आणखी एक गोष्ट अपेक्षेच्या उलट निघाली. बहुतेकांच्या दंडावर बीसीजीचा वण होता, तरी मांटूच्या निकालावर त्याचा फारसा प्रभाव दिसला नाही. भारतात बीसीजी जन्मानंतर लगेच, एकदाच देतात; तारुण्यापर्यंत तिचा त्वचेवरचा परिणाम ओसरलेला असतो. बीसीजी उशिरा किंवा पुन्हा पुन्हा देणाऱ्या देशांत रक्तचाचणीला जी बढत मिळते, ती इथे आपोआप मिळत नाही.

पुढे याच गटातल्या काहींची दीड वर्षाने पुन्हा तपासणी झाली. दोन्ही चाचण्यांत पॉझिटिव्ह असलेले सहसा पॉझिटिव्हच राहिले. फक्त रक्तात पॉझिटिव्ह असलेल्यांतले अनेक मात्र परत निगेटिव्ह झाले. विसंगत निकाल म्हणजे बहुतेक वेळा कच्चा निकाल, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

आकड्याआधी माणूस

तरीही प्रत्येक विसंगतीचे उत्तर नळीत सापडत नाही. चाचणी कोणाची केली, यावर निकालाची किंमत ठरते, हे थोड्या अंकगणिताने पटते. सोयीसाठी धरू, की संसर्ग असलेल्या १०० पैकी ८० जणांना चाचणी पकडते आणि नसलेल्या १०० पैकी ९७ जणांना ती बरोबर निगेटिव्ह ठरवते.

एखाद्या समाजात हजारात २० जणांना संसर्ग आहे. त्यांतले १६ पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९८० पैकी सुमारे २९ चुकून पॉझिटिव्ह येतील. म्हणजे ४५ पॉझिटिव्ह अहवालांतले जवळपास दोन-तृतीयांश खोटे. आता भारत घ्या. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत संसर्ग आढळला. हजारातल्या ३१० पैकी २४८ पॉझिटिव्ह येतील, खोटे पॉझिटिव्ह २१ च्या आसपास. म्हणजे दहातले नऊ खरे. पण इथे दुसऱ्या बाजूचा घोळ वाढतो : संसर्ग असलेले ६२ जण निगेटिव्ह अहवाल घेऊन घरी जातील.

म्हणून तीच चाचणी दोन देशांत वेगळ्या रीतीने वाचावी लागते. संसर्गाची शक्यता मुळात कमी असलेल्या माणसाचा पहिला निकाल पॉझिटिव्ह आला तर दुसरी चाचणी करून पाहावी, असे अमेरिकी तज्ज्ञ संघटनांनी २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सुचवले. तिथे स्थायिक होणाऱ्यांच्या ग्रीन कार्ड तपासणीत दोन वर्षांवरील सर्वांना इग्रा लागते. पुण्या-मुंबईत वाढलेल्या प्रौढाचा निकाल तिथे पॉझिटिव्ह आला तर त्यात नवल नाही. बालपणीचा संसर्ग तो सोबत घेऊन गेलेला असू शकतो. पण तिथेच जन्मलेल्या, भारतात क्वचित आलेल्या त्याच्या मुलीचा आकडा ०.४ आला तर त्याच घरात, त्याच कागदाचा अर्थ वेगळा होतो.

काय पणाला लागले आहे, हेही तराजूत घालावे लागते. इन्फ्लिक्सिमॅब या जैविक औषधाला १९९८ मध्ये मान्यता मिळाली आणि २००१ मध्ये, ते घेतल्यावर क्षय झालेल्या ७० रुग्णांची माहिती ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. टीएनएफ हा रेणू जंतूंभोवतीची तटबंदी टिकवतो आणि हे औषध तोच रेणू अडवते. अशा रुग्णाचा काठावरचा निकाल गांभीर्याने घ्यावा लागतो; घरात क्षय होऊन गेला असेल किंवा एक्स-रेवर जुने डाग असतील तर निगेटिव्ह निकालावरही विसंबता येत नाही. याउलट धडधाकट तरुणाचा, कोणत्याही संपर्काविना आलेला ०.४ चा आकडा पुन्हा तपासण्यात काही जात नाही. प्रतिबंधक औषधेही निरुपद्रवी नाहीत. सहा महिने रोज आयसोनायाझिड किंवा रिफापेंटिनसोबत आठवड्यातून एकदा, असे १२ डोस ही नेहमीची पथ्ये. आयसोनायाझिडने यकृताला सूज येण्याचा धोका वयाबरोबर आणि दारूच्या सवयीबरोबर वाढतो.

भारताच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना या गुंत्यातून एका धाडसी वाटेने बाहेर पडतात. एचआयव्ही असलेले आणि क्षयरुग्णाच्या घरातली पाच वर्षांखालची मुले यांना, प्रत्यक्ष आजार नाही याची खात्री करून, संसर्गाच्या चाचणीविना प्रतिबंधक उपचार द्यायचे असतात. घरातल्या मोठ्यांची चाचणी सोयीची असेल तर करायची, पण चाचणी नाही म्हणून उपचार अडवायचे नाहीत. जिथे धोका एवढा उघड आहे तिथे संदिग्ध निकालाची वाट पाहण्यात वेळ जातो, हा त्यामागचा विचार.

ज्या प्रश्नासाठी ही चाचणी नाही

भारतात सगळ्यांत मोठा घोटाळा काठावरच्या आकड्यांचा नाहीच. खोकणाऱ्या रुग्णाला टीबी गोल्ड करायला सांगायची आणि ती पॉझिटिव्ह आली की क्षयाची औषधे सुरू करायची, हा तो घोटाळा. तीनातल्या एका प्रौढात संसर्ग असलेल्या देशात दमा, न्यूमोनिया किंवा कर्करोग असलेल्याची चाचणीही सहज पॉझिटिव्ह येईल. उलट, प्रत्यक्ष क्षय असलेल्या काहींची ती निगेटिव्ह येते. उपचार पूर्ण केलेल्याची चाचणी वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणून आजार बरा झाला का हे पाहायलाही तिचा उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच प्रत्यक्ष क्षयाच्या निदानासाठी इग्रा वापरू नये असे सांगितले. त्याच वर्षी संघटनेने रक्तातली प्रतिपिंडे मोजणाऱ्या वेगळ्या, जुन्या चाचण्याही नाकारल्या आणि २०१२ मध्ये भारताने त्यांच्यावर बंदी घातली. त्या गेल्या, पण ‘रक्तातून टीबी कळतो’ हा समज मागे उरला आणि टीबी गोल्डला येऊन चिकटला.

निकालाच्या पाठीमागचा वाद

पॉझिटिव्ह चाचणी म्हणजे शरीरात जिवंत जंतू दडलेला, हे गृहीतकही आता डळमळीत झाले आहे. मार्सेल बेर, पॉल एडलस्टीन आणि मूळच्या बडोद्याच्या ललिता रामकृष्णन यांनी २०१८ आणि २०१९ मध्ये ‘बीएमजे’त दोन लेख लिहून जुना पुरावा पुन्हा चाळला. संसर्गानंतर आजार व्हायचा असेल तर बहुतेकांना तो पहिल्या दोन वर्षांत होतो. आणि चाचणी पॉझिटिव्ह असूनही अनेकांच्या शरीरातला जंतू केव्हाच संपलेला असावा, असे त्यांचे म्हणणे. पॉझिटिव्ह ठरलेल्यांपैकी आयुष्यात कधीतरी आजारी पडणारे साधारण पाच ते दहा टक्केच, ही आकडेवारी त्याच्याशी जुळते.

या अनिश्चिततेची किंमत लससंशोधनालाही मोजावी लागली. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किशोरांना बीसीजी पुन्हा दिल्यावर, क्वांटिफेरॉन पॉझिटिव्ह होऊन तशीच टिकण्याचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि मोठ्या आशा बांधल्या गेल्या. त्याहून मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तो लाभ दिसला नाही.

दरम्यान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सीवाय-टीबी’ ही नवी त्वचाचाचणी आली आहे. तिच्यात टोचली जातात तीच ईसॅट-६ आणि सीएफपी-१०. मांटूसारखीच ती दोन-तीन दिवसांनी वाचायची, ५ मिलिमीटर किंवा जास्त गाठ म्हणजे पॉझिटिव्ह. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये रशिया आणि चीनमधल्या अशाच चाचण्यांसह तिचा स्वीकार केला. इन्क्युबेटर नको, १६ तासांची मुदत नको, बीसीजीचा गोंधळ नाही. क्षयरुग्णांच्या घरोघरी जाऊन करायच्या तपासणीला ती सोयीची आहे.

तिचा निकाल कधी ‘इंडिटरमिनेट’ येत नाही. कारण तिच्यात मायटोजेनची नळीच नाही. हात सुजला नाही तर संसर्ग नाही म्हणून, की शरीरात उत्तर द्यायची ताकदच नाही म्हणून, हे त्या कातडीवरून कळायला मार्ग नाही. स्टिरॉइडवर असलेला, प्रत्यारोपण झालेला किंवा सीडी-४ घसरलेला रुग्ण समोर असेल तर ‘सांगता येत नाही’ असे म्हणू शकणारी, आकडे छापून देणारी रक्तचाचणी अशा वेळी जास्त माहिती देते. तिचा निकाल दोनदा फसला, तर संपर्काचा इतिहास, एक्स-रे आणि पुढे द्यायच्या औषधाचा धोका यांवरून डॉक्टरांना निर्णय घ्यावा लागतो.